उणे पाच व्होल्ट

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी मामीनं माडी आवरायला काढली आणि मदतीला मला बोलावलं. शहापुरातलं जुनं घर. वर जायला अंधारा जिना, आणि जिना संपला की डाव्या हाताला मामांची खोली. मामांना जाऊन सहा वर्षं होत आली, तरी त्या खोलीला आम्ही सगळे अजून मामांची खोलीच म्हणतो.

मामा मालवाहू जहाजावर रेडिओ ऑफिसर होते. कानाला हेडफोन लावून मोर्समध्ये संदेश घ्यायचे आणि द्यायचे, हे त्यांचं काम. फेब्रुवारी १९९९ पासून जहाजांना उपग्रह आणि स्वयंचलित रेडिओची नवी यंत्रणा सक्तीची झाली आणि मोर्सवाल्या माणसाची जागाच जहाजावरून गेली. मामा त्याच्या थोडं आधीच कायमचे बेळगावला परतले. मला आठवतात ते मामा म्हणजे सकाळी वर्तमानपत्र वाचताना टेबलावर बोटानं टकटक करणारे. ती टकटक मोर्स होती की नुसतीच सवय, हे विचारायचं राहून गेलं.

तर कपाटाखालून एक काळी रेक्झिनची पिशवी निघाली. आत पांढरट रंगाचं एक यंत्र. ए-फोर कागदाएवढं लांबरुंद, जाडीला दोन बोटं जास्तच. खाली पूर्ण कीबोर्ड आणि वर काचेची एक बुटकी पट्टी. सोबत तीन पिना असलेली केबल आणि एक कॅसेट. कॅसेटवर मामांच्या अक्षरात एकच शब्द: ‘घर’.

"हा त्यांचा कॉम्प्युटर," मामी म्हणाली. "अमेरिकेत कुठल्यातरी बंदरावर घेतलेला. तुला पाहिजे तर घेऊन जा. तुझं ते इलेक्ट्रॉनिक्सच की."

"आणि ही कॅसेट?"

"त्यात काय नाही गं. मी लावून बघितलेली एकदा. नुसती चीं चीं वाजत्या. बिघडलेली असणार."

ती चीं चीं म्हणजे काय, हे मला तिथंच उभ्या उभ्या कळलं आणि अंगावर काटा आला. पण मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं की नको, यावर अजून माझं एकमत नाही.

यंत्राबद्दल आधी थोडं सांगते, कारण मलाही ते माहीत नव्हतं. टीआरएस-८० मॉडेल १००, साल १९८३. बनवायची जपानची क्योसेरा, अमेरिकेत विकायची रेडिओ शॅकची दुकानं. २४ के मेमरीच्या मॉडेलची तेव्हाची किंमत १३९९ डॉलर. के म्हणजे किलोबाइट, मेगाबाइट नव्हे. मामांच्यात ३२ के होती, म्हणजे त्यांनी भर घालून घेतलेली. पडदा चाळीस अक्षरं रुंद आणि आठ ओळी उंच. चार पेन्सिल सेलवर वीसेक तास चालायचं, आणि वजन दीड किलोच्या आत. अमेरिकेतल्या वार्ताहरांमध्ये ते फार चाललं. सामन्याच्या मैदानावर, कोर्टाच्या पायरीवर बसून बातमी टाइप करायची आणि टेलिफोनच्या तारेवरून कचेरीत पाठवायची. आतल्या कायमच्या प्रोग्रॅमचा बराच भाग खुद्द बिल गेट्स यांनी लिहिलेला आहे.

आणि प्रोसेसर? ८० सी ८५. आपल्या लॅबमधल्या ट्रेनर किटवर ज्याच्यात आपण हेक्साकोड भरून दोन आकड्यांची बेरीज करतो आणि आठवड्याभरात विसरतो, त्या ८०८५ चाच कमी वीज खाणारा भाऊ. परीक्षेपुरता पाठ केलेला तो चाळीस पायांचा किडा कोणाच्या तरी पिशवीतून समुद्रावर फिरून आला होता.

घरी आणून चार सेल घातले, चालू केलं. काही नाही. खालच्या बाजूला मेमरीचा एक छोटा वेगळा स्विच असतो, तो बंद असला तर यंत्र दादच देत नाही. हे समजायला मला एक संध्याकाळ लागली. तो चालू केल्यावरही काचेची पट्टी कोरीच.

मागचे चार स्क्रू काढले. उघडल्याबरोबर वास आला. तेलकट, थोडासा सुक्या मासळीसारखा. ज्यांनी जुने रेडिओ उघडलेत त्यांना तो वास ओळखू येतो. इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरच्या आत ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांची गुंडाळी असते, मध्ये ओला कागद. तो ओलावाच त्याचा जीव. चाळीस वर्षांत बुडाचं रबर आखडतं आणि तो द्रव पाझरून बोर्डवर येतो. तिथं तो तांब्याचे ट्रॅक खात बसतो. शिवाय मेमरी जागी ठेवणारी ३.६ व्होल्टची निकेल कॅडमियमची छोटी बॅटरीही फुटून हिरवी झाली होती. यात यंत्र बनवणाऱ्याची काही चूक नाही. इतकी वर्षं हे कोणी वापरेल असं त्यांनी कुठं धरलं होतं? त्यात बेळगावचा पावसाळा. चार महिने चपला वाळत नाहीत, तिथं तांब्याची काय कथा.

ती हिरवी बॅटरी बघितल्यावर एक गोष्ट मात्र नक्की झाली. या यंत्राला हार्ड डिस्क नसते. लिहिलेलं सगळं मेमरीत राहतं आणि मेमरी त्या बॅटरीवर. बॅटरी गेली तेव्हाच मामांचं आतलं लिखाण गेलं. उरली ती कॅसेट. त्या काळी मजकूर जपून ठेवायचा तर आवाजात बदलून टेपवर ठेवायचा. मामीनं ऐकलेली चीं चीं म्हणजे मामांची अक्षरं होती.

मग मात्र मी मामीला फोन करून सांगितलं. पलीकडं बराच वेळ शांतता. मग, "म्हणजे वाचता येईल?"

"यंत्र चालू झालं तर येईल, मामी."

"कर की मग." एवढंच.

माझा चुलतभाऊ म्हणाला, एवढी यातायात कशाला, कॅसेट लॅपटॉपवर रेकॉर्ड कर, आवाजाची अक्षरं करणारे प्रोग्रॅम मिळतात. खरंय, मिळतात. रेकॉर्ड तर मी सगळ्यात आधी करून ठेवलंच, कारण एवढ्या जुन्या टेपवर दुसऱ्यांदा विश्वास ठेवू नये. पण मामीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "त्यांच्यातच दिसू दे. उशीर झाला तरी चालतंय."

कॅपॅसिटर खडे बाजारात काही मिळाले, उरलेले बेंगळुरूच्या एस. पी. रोडवरून मैत्रिणीनं आणले. खडे बाजारातले काका अजून त्याला कंडेन्सरच म्हणतात. "कंडेन्सर बदलून काय होतंय बाई, ह्याचं बोर्डच खाल्लंय," असं त्यांनी आधीच भाकीत केलं. मी बॅटरीच्या क्षारावर व्हिनेगर लावलं, मग अल्कोहोलनं बोर्ड घासून पुसलं, आणि लॅबमध्ये सरांच्या परवानगीनं तीन दुपारी बसून वीसेक कॅपॅसिटर बदलले. नवी बॅटरीही बसवली. दिसायला इतकं सुंदर झालं होतं की मी फोटो काढून मामीला पाठवला.

चालू केलं. कोरी पट्टी.

सुरुवातीला होता तो दोष जुना होता, म्हाताऱ्या कॅपॅसिटरचा. आता त्यात माझ्या हातानं केलेलं काहीतरी मिसळलं असण्याची शक्यता होती. आपण हात लावायच्या आधी यंत्र बिघडलेलं असलं की आपण डॉक्टर असतो. हात लावल्यावरही बिघडलेलंच राहिलं की आपण आरोपी. त्या रात्री मला झोप आली नाही. मामीला सांगायचं काय? दोन दिवस तिचे फोन मी उचलले नाहीत, हे इथं लिहूनच टाकते.

तिसऱ्या दिवशी सर लॅबमध्ये आले. मी पाढा वाचला: सगळे बदलले, सगळे तपासले, काहीच होत नाही. सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "काहीच होत नाही, की काहीच दिसत नाही?"

"एकच की सर."

"एक कसं? टीव्हीचा पडदा गेला तर बातम्या बंद होतात काय?"

मग डोक्यात प्रकाश पडला. यंत्र नव्यानं सुरू होतं तेव्हा त्याचा कर्सर पहिल्या नावावर, बेसिकवर, असतो. म्हणजे पडदा आंधळा असला तरी एन्टर दाबलं की आपण बेसिकमध्ये. तिथं बी, ई, ई, पी टाइप करून पुन्हा एन्टर दाबलं की, जर आतलं सगळं जिवंत असेल तर, आवाज यायला हवा. मी कोऱ्या काचेकडं बघत एकेक कळ दाबली. शेवटची एन्टर दाबताना बोट खरंच थरथरत होतं.

पीप!

बारीकसा आवाज, पण अख्ख्या लॅबनं माना वळवल्या. ८०८५ जिवंत, रॉम जिवंत, रॅम जिवंत, कीबोर्डसुद्धा जिवंत. आंधळी होती ती फक्त काच. वर्षभर ट्रेनर किटवर काम करून जे कळलं नव्हतं ते त्या एका पीपनं कळवलं. बिघाड शोधणं म्हणजे काय बिघडलंय ते शोधणं नव्हे, आधी काय बिघडलेलं नाही ते बाजूला काढत जाणं. (सर हे पहिल्या वर्षापासून सांगत आलेत. कानावरून गेलं होतं.)

आता शोध लहान झाला. या यंत्रात चार सेलच्या सहा व्होल्टपासून एक छोटा कन्व्हर्टर दोन दाब तयार करतो: अधिक पाच आणि उणे पाच. प्रोसेसर, मेमरी वगैरे सगळे अधिक पाचवर जगतात. उणे पाच लागतो तो मुख्यतः काचेला, अक्षरं गडद व्हायला. मीटर लावला. अधिक पाचच्या जागी ४.८, ठीक. उणे पाचच्या जागी उणे १.३.

उणे १.३ हा फार बोलका आकडा आहे, पण तेव्हा मला त्याची भाषा येत नव्हती. शून्य असता तर वाटलं असतं तार तुटली. उणे पाच असता तर प्रश्नच नव्हता. हे मधलंच काहीतरी होतं. कोणीतरी ते खाली ओढून धरलंय, असं. सरांनी सांगितलं, "बोट लावून बघ, कोण तापतंय." पाच व्होल्टला शॉक बसत नाही, त्यामुळं हे चालतं. घरच्या वायरिंगवर करू नका. एकेका कॅपॅसिटरच्या डोक्यावर बोट ठेवत गेले. गार, गार, गार. आणि एक कोमट. ताप उतरलेल्या पोराच्या कपाळाएवढा कोमट.

तो मी उलटा बसवला होता.

कसा, ते सांगते, कारण माझ्यासारखी आणखी कोणी हे करेल. इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरला अधिक आणि उणे अशा बाजू असतात. उलटा लावला तर तो वीज साठवायची सोडून वाहू द्यायला लागतो. बोर्डवर त्या जागेची खूण गंजानं खाल्ली होती. काढण्याआधी फोटो काढायचा सोडून मी डोकं चालवलं: उणे पाय नेहमी ग्राउंडला जातो. अधिक पाचच्या बाजूला ते बरोबर आहे. पण ही बाजू उणे पाचची. ग्राउंड म्हणजे जमीन, शून्य. पाच फूट खोल विहिरीतल्या पाण्याला जमीनच उंच असते. म्हणजे इथं ग्राउंड हाच वरचा, हाच अधिक, आणि अधिक पाय त्याला जायला हवा. शाळेत पाचवी-सहावीत संख्यारेषेवर शून्य हा उणे पाचपेक्षा मोठा, हे शिकलोच होतो की. हातात सोल्डरिंग आयर्न आलं की संख्यारेषा विसरायला होते.

उलटा राहिलेला कॅपॅसिटर पुन्हा वापरू नये, म्हणून दुसरा नवा घेतला. आणि इथं माझी दुसरी चूक. घाई. आता उत्तर मिळालंच आहे या आनंदात मी आयर्न नीट तापायची वाट बघितली नाही. सोल्डर अर्धवट वितळलेलं असताना पाय ओढला. पाय आला. त्याच्याबरोबर एक चकचकीत बारीक नळीसारखं काहीतरी आलं, तिळाएवढं. मला वाटलं सोल्डरचा तुकडा. फुंकर मारून उडवलं.

नवा कॅपॅसिटर सुलटा बसवला. कॅपॅसिटरच्या पायावर मीटर: उणे ५.१. मी टाळीच वाजवली. काचेकडं बघितलं. कोरी.

कॉन्ट्रास्टचं चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. कोरी. बीप करून बघितलं. पीप वाजतो. उणे पाच आहे, यंत्र जिवंत आहे, आणि तरी काच कोरी. त्या दिवशी मी लॅबमध्ये रडले. ज्युनिअरच्या मुलांसमोर. मामीचा फोन वाजत होता आणि तो उचलायला हातावर फ्लक्स होता, हे निमित्त बरं मिळालं.

सर पसाऱ्याकडं बघून म्हणाले, "उणे पाच कुठं मोजलंस?"

"कॅपॅसिटरवर."

"आणि लागतंय कुठं?"

काचेकडं जाणाऱ्या केबलच्या जोडावर मोजलं. शून्य. विहिरीत पाणी होतं, पण पाटाला नव्हतं. मधे कुठंतरी पाट फुटला होता. मीटर बीपवर ठेवून एक टोक कॅपॅसिटरच्या पायाला आणि दुसरं ट्रॅकवर सरकवत गेले. पायापासून निघाल्यावर पहिल्याच पावलावर आवाज बंद. आणि मग ती तिळाएवढी नळी आठवली.

बोर्डला दोन बाजू असतात, दोन्हीकडं तांब्याचे ट्रॅक. वरचा ट्रॅक खालच्याला कसा भेटतो? कॅपॅसिटरचा पाय ज्या भोकातून जातो त्या भोकाच्या आतल्या भिंतीला तांब्याचा मुलामा असतो. तीच दोन मजल्यांमधली शिडी. मी घाईत ती शिडीच उपटून फुंकर मारून उडवली होती. खालून मी केलेलं सोल्डर झकास दिसत होतं, आणि वरच्या ट्रॅकला त्याचा पत्ताच नव्हता. खडे बाजारातल्या काकांचं बोर्ड खाल्ल्याचं भाकीत अर्धंच खरं ठरलं. खाणारी मी निघाले.

उपाय मात्र सोपा निघाला. केसाएवढी बारीक एक तार. तिचं एक टोक कॅपॅसिटरच्या पायाला, दुसरं वरच्या ट्रॅकवरचा हिरवा रंग ब्लेडनं खरवडून त्या उघड्या तांब्याला. सव्वा इंच. या वेळी मी आयर्न पुरतं तापू दिलं. वाट बघताना सरांसाठी आणलेला कुंदा निम्मा मीच संपवला.

चालू केलं. काचेवर आधी काहीच नाही, मग चाक थोडं फिरवलं आणि धुक्यातून झाड दिसावं तशी अक्षरं वर आली. पहिल्या ओळीत तारीख: १ जानेवारी १९००, रविवार. मेमरी कोरी झाली की हे यंत्र तिथूनच दिवस मोजायला लागतं. खाली पाच नावं, बेसिक, टेक्स्ट, टेलकॉम आणि आणखी दोन. आणि तळाशी किती जागा रिकामी आहे त्याचा आकडा: २९६३८. म्हणजे सगळी. मामांचं एक अक्षरही नव्हतं. माहीत होतं, तरी तो आकडा मी दोनदा वाचला.

रविवारी शहापूरला गेले. मामीनं टेबल पुसून ठेवलं होतं, वर क्रोशाचा रुमाल. यंत्राची केबल लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात घातली, कारण कॅसेट आता लॅपटॉपमध्ये होती. आवाज किती ठेवायचा हे अंदाजानं. कमी झाला तर यंत्राला ऐकू येत नाही, जास्त झाला तर फाटतो. पहिले तीन प्रयत्न फुकट गेले. मामी काही बोलत नव्हती, फक्त मधूनमधून चहा निवालाय म्हणून सांगत होती. चौथ्या वेळी यंत्र स्वतःच चीं चीं करायला लागलं, आणि काचेवर उमटलं: ‘फाउंड’, आणि पुढं रोमन अक्षरांत ‘पत्र’.

मामी खुर्ची ओढून जवळ आली.

या यंत्राला देवनागरी येत नाही. मामांनी मराठी रोमन अक्षरांत लिहिली होती, सगळी कॅपिटल, विरामचिन्हं नाहीतच. तारेची सवय असणार. मी मोठ्यानं वाचायला लागले. तारीख मार्च १९८६ ची. प्रकृती बरी आहे. जेवणात भात मिळतो, भाकरी नाही. पुढच्या बंदरात आठ दिवस थांबू. सुमनला चप्पल सहा नंबर ना, कळव. बाबांच्या मोतीबिंदूचं काय झालं.

सुमन म्हणजे माझी आई. मी पुढं वाचणार तोच मामी म्हणाली, "थांब." उठून आत गेली. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. परत आली ती निळ्या हवाई पत्रांचा गठ्ठा घेऊन. बोटं भराभर चालली आणि एक बाहेर काढलं. मार्च १९८६. मामांचं अक्षर, देवनागरी, शाईचं.

"हेच की हे," ती म्हणाली. "मला आलेलं."

तेच होतं. मामा आधी यंत्रावर जुळवायचे आणि मग हातानं कागदावर उतरवायचे, असं दिसतं. आम्ही दोघी ओळीला ओळ लावत निघालो. मी काचेवरची वाचायची, मामी कागदावरची. भात, भाकरी, बंदर, चप्पल, मोतीबिंदू. मला वाटलं, एवढ्या खटपटीनंतर निघालं ते तिच्या ट्रंकेत आधीच होतं. थोडंसं वाईट वाटलं, थोडंसं हायसंही वाटलं.

मग बाण दाबून मी पुढची ओळ वर आणली. ‘रात्री झोप लागत नाही. कानात आवाज सतत. हे काम सोडून घरी यावंसं फार वाटतं पण.’

मामीनं कागद बघितला. उलटून बघितला. पुन्हा सुलटा केला.

"ह्यात नाही," ती म्हणाली.

त्या पणच्या पुढं काचेवरही काही नव्हतं. तिथं फाइल संपत होती की टेप खराब होती, ते मी नंतर लॅपटॉपवर आवाजाची लाट ताणून ताणून बघितलं. टेप चांगली होती. त्यांनी तिथंच थांबवलं होतं. आणि कागदावर त्या जागी लिहिलं होतं: ‘काळजी करू नये. मुलांना आशीर्वाद.’

मामी बराच वेळ त्या आठ ओळींच्या काचेकडं बघत राहिली. मग तिनं विचारलं, "ह्यांनी हे लिहिलं का नाही गं मला?"

मी काय सांगणार.

"शहाऐंशी साली थोरला चौथीत होता," ती स्वतःशीच म्हणाली. "घराचं कर्ज होतं. लिहिलं असतं तर मी ये म्हटलं असतं. म्हणून नसणार लिहिलं." थोड्या वेळानं, "पण लिहायचं होतं की."

निघताना यंत्र बंद करायला हात पुढं केला तर तिनं हात धरला. "बंद केलं की पुसून जातंय?"

मी समजावलं. बंद केलं तरी आतली नवी बॅटरी मेमरी जपते. ३२ केला आठवडाभर पुरते. सेल घातलेले असले तर त्याहून जास्त. फक्त सेल संपायच्या आधी बदलायचे. आणि गेलंच तरी लॅपटॉपमध्ये कॅसेट आहे, मी पुन्हा भरून देईन.

"पुन्हा नको," ती म्हणाली. "तुझं ते उणे पाच एकदा झालं तेवढं बास."

आता दर रविवारी मी शहापूरला जाते. यंत्र मामांच्या टेबलावर असतं, क्रोशाच्या रुमालाखाली. मामीला चालू करायला येतं, कॉन्ट्रास्टचं चाकही फिरवता येतं, बाण दाबत खाली जाता येतं. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला वाटतं मामीकडं कोणी लहान मूल राहायला आलंय, खेळण्यांचं. साबण, चहापावडर, आणि दर महिन्याला पेन्सिल सेलची दोन पाकिटं.